बीडचं नेट बंद होतं तेव्हा बातम्या कुणी दिल्या

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावला आमदार प्रकाश सोळंकेंचं घर पेटवलं गेलं, मग बीड शहरात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि नेट बंद केलं. ज्यांचं नेट असं कधी बंद झालं नाही त्यांना हे कळायचं नाही. पहिला तासभर बरं वाटतं, चला जरा शांतता. मग अंधार पडला की डोकं चालायला लागतं. गेवराईकडं काय चाललंय, परळीची एसटी निघाली का, दवाखान्यातल्या मावशीपाशी कुणी पोचलं का. फोन लागत होता, पण फोनवर जो तो ऐकीव सांगायचा. कुणी म्हणे चार दुकानं जळाली, कुणी म्हणे अख्खी लाईन गेली, आणि सांगणारे सगळे शपथेवर सांगणार.

सकाळी शेजारच्या आप्पांनी सेलवरचा रेडिओ ओट्यावर आणून ठेवला. सात वाजून दहा मिनिटांनी आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्राचं प्रादेशिक बातमीपत्र लागतं, दहा मिनिटांचं. आधी ठळक बातम्या, मग सविस्तर, मधे एकदा "हे बातमीपत्र आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर केंद्रावरून प्रसारित केलं जात आहे" आणि शेवटी परत ठळक बातम्या. संचारबंदी कुठं आहे, प्रशासनानं काय सांगितलंय, एवढंच. एकदाही 'खळबळ' नाही, 'थरार' नाही, मागं ढॅण ढॅण म्युझिक नाही. ओट्यावर सात-आठ माणसं उभी होती आणि मधे कुणी बोललं नाही, आमच्या गल्लीत हे नवलच.

गंमत म्हणजे माझ्या महागड्या फोनमधे एफएमच नाही. आकाशवाणीचं ॲप आहे, पण ॲपला नेट लागतं, म्हणजे ज्या दिवशी खरी गरज त्याच दिवशी ते मुकं. एप्रिल २०२३ मधे केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना सांगितलं होतं की फोनमधे एफएम ठेवा, संकटाच्या वेळी कामाला येतं. बरोबरच होतं ते. पण पोरं आता बिनवायरचे इअरबड घालतात आणि फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायरच ॲन्टेना म्हणून लागते, त्यामुळं असलं तरी ऐकणार कसं हा प्रश्न आहेच.

तर मला लिहायचंय ते या बातम्यांमागच्या माणसांबद्दल. टीव्हीवरचा अँकर आपण रस्त्यात ओळखतो, त्याची मिमिक्री करतो. रेडिओच्या बातमीत आपल्याला फार तर निवेदकाचं नाव कळतं. पुणे केंद्र मध्यम लहरींवर आमच्याकडंपण लागायचं, सकाळी सात पाचला, आणि सुधा नरवणे हे नाव आमच्या आईला नात्यातल्या बाईसारखं पाठ होतं. सात वाजायच्या पाच मिनिटं आधी दिल्लीहून संस्कृत बातम्या, त्यात बलदेवानंद सागर. कुणाला एक वाक्य समजत नव्हतं पण "इयम् आकाशवाणी" ऐकलं की अंघोळीला पळायचं, कारण शाळेला उशीर. ही दोन नावं माझ्या पिढीला माहिती आहेत. पण ती बातमी लिहिली कुणी, पाठवली कुणी, ते कुणाला माहिती?

माझा एक दोस्त काही वर्षं एका केंद्रावर हंगामी निवेदक होता. हंगामी म्हणजे ड्युटी लागली तर पैसे, नाही लागली तर नाही. त्याच्याकडून जे ऐकलं ते मला फार आवडलं. बातमीपत्राचे कागद कधी पिन मारून देत नाहीत, सगळे सुटे, एकाच बाजूला मोठ्या अक्षरात टाईप केलेले, कारण पान उलटल्याचा आवाज माईक पकडतो. वाचून झालेला कागद उचलायचा नाही, नुसता बाजूला सरकवायचा. आकडे अक्षरात लिहायचे नाहीतर जीभ अडखळते. आणि वाक्य लांबलं की तो पेननं मधे तिरपी रेघ मारून ठेवायचा, श्वासासाठी. एकदा म्हणे ऐन वेळेला शेवटची बातमी बदलली आणि नवीन कागद हातानं लिहिलेला आला, अक्षर असं की डॉक्टरनं सुद्धा हात जोडावेत, आणि त्यात नेमकी तीन-चार धरणांची टक्केवारी. घाम फुटला म्हणे पण आवाजात कळू दिलं नाही.

धरणांवरून आठवलं, मराठवाड्याच्या बातमीपत्राचा खरा जीव पावसाळ्यात असतो. जायकवाडी किती टक्के, आवक किती क्युसेक, पैठणचे २७ दरवाजे आहेत त्यातले किती किती फुटांनी उचलले, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी. मुंबईच्या माणसाला हे ऐकून झोप येईल, पण गोदाकाठच्या माणसासाठी यातच मोटार नदीतून काढायची का ठेवायची याचं उत्तर असतं. आणि एप्रिल २०१६ मधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा हीच बातमीपत्रं दुसऱ्या टोकाचे आकडे सांगत होती.

हे आकडे, ही गावं जिल्ह्यातून पाठवतो तो अंशकालीन वार्ताहर. आकाशवाणीचे असे वार्ताहर जिल्ह्याजिल्ह्यात असतात. नावातच अंशकालीन, त्यामुळं पोट दुसऱ्या कशावर तरी चालतं. कुणी मास्तरकी केलेली, कुणाचं छोटं साप्ताहिक, कुणाची शेती. पूर्वी हे लोक एसटीडी बूथवरून बातमी सांगायचे आणि पलीकडून उतरवून घ्यायचे, आता व्हॉट्सॲपवर टाकतात. तीन पानांचं भाषण ऐकून दोन वाक्यं काढायची हे सोपं काम नाही, आणि दहा मिनिटांत पेपरचं एक पान पण मावत नाही हे लक्षात घ्या.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी लहान होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. आमच्याकडं फडताळातली भांडी वाजली आणि सगळे अंगणात. काय झालं ते कुणालाच माहिती नव्हतं. सकाळी रेडिओवर कळलं आणि मग दिवसभर प्रत्येक बातमीला आकडा वाढत गेला. शेवटी साधारण दहा हजार माणसं गेली. वडील प्रत्येक बातमीपत्राला घरात यायचे, उभ्यानं ऐकायचे आणि परत जायचे. दिल्लीच्या बातमीत सगळं नुसतं "लातूर" होतं. किल्लारी कुठं, सास्तूर कुठं, कोणता रस्ता चालू आहे हे सांगायला इथलाच माणूस लागतो. आमचे एक नातेवाईक औसा भागात होते म्हणून हे जास्त लक्षात राहिलं असेल.

इथवर कौतुक झालं, आता दुसरी बाजू.

मराठवाड्याला रेडिओ आणि सत्ता यांचं नातं काही नवीन नाही. आमच्याकडं निजामाचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, डेक्कन रेडिओ, हैदराबादला आणि औरंगाबादलासुद्धा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती जाहीर केली ती पण रेडिओवरूनच. १९५० मधे ही दोन्ही केंद्रं भारत सरकारकडं आली. मालक बदलला, पण माईक सरकारचा तो सरकारचाच.

त्याचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसला तो ३१ ऑक्टोबर १९८४ ला. इंदिरा गांधी गेल्या हे बीबीसीनं दुपारीच सांगितलं आणि आकाशवाणीनं सांगितलं ते संध्याकाळी सहाला. खुद्द राजीव गांधी बंगालमधे होते, त्यांनी ट्रान्झिस्टरवर बीबीसी ऐकून खात्री केली. त्यानंतर आमच्या वडिलांच्या पिढीला सवयच लागली, काही मोठं झालं की विचारायचे "बीबीसीनं सांगितलं का?" रात्री बीबीसी हिंदी, आणि आमच्या पलीकडच्या मोहल्ल्यात बीबीसी उर्दूचं सैरबीन. बीबीसीचा दिल्लीचा वार्ताहर मार्क टली हे नाव तर इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्यांना पण माहिती. आणीबाणीत या माणसाला देश सोडावा लागला, ९२ ला अयोध्येत जमावानं घेरून खोलीत कोंडलं, तरी परत येऊन बातमी द्यायचाच. सैरबीनसारखे कार्यक्रम मला आवडायचे कारण तिथं बातमी सांगून झाल्यावर कुणाला तरी फोन लावून विचारायचे की असं का झालं. समोरचा गोल गोल बोलला तर परत विचारायचे. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचा रेडिओ बंद झाला, १९४० पासून चालू होता. आमच्या आप्पांनी त्या दिवशी जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की आकाशवाणीचं बातमीपत्र काय झालं ते नीट सांगतं, पण का झालं हे विचारत नाही. मंत्री आले, आढावा घेतला, निर्देश दिले. अरे पण मागच्या वेळच्या निर्देशांचं काय झालं? १९९७ मधे आकाशवाणी-दूरदर्शन चालवायला प्रसार भारती ही संस्था आली, कागदावर स्वायत्तता आली, तरी पैसा दिल्लीतूनच येतो आणि सूर पण तिकडूनच लागतो. यात त्या वार्ताहराची किंवा निवेदकाची चूक नाही. ड्युटीवर पगार घेणाऱ्यानं कुणाच्या जिवावर कलेक्टरला उलटा प्रश्न विचारायचा?

बरं, आकाशवाणी नाही विचारत तर दुसऱ्यानं विचारावं, तर तिथंही दार बंद. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. ट्रॅफिक सांगा, हवामान सांगा, परीक्षेचे निकाल सांगा आणि बातम्या द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावा. २०१९ मधे ते फुकट लावायची सोय पण करून दिली, शब्द न बदलता. सप्टेंबर २०२३ मधे ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या. या देशात चोवीस तास आरडाओरडा करायला टीव्हीला लायसन मिळतं, युट्यूबवर तर कुणीही माईकला पत्रकार लिहून फिरतंय, आणि रेडिओला दहा मिनिटांसाठी शिफारस लागते. मला हा नियम खरंच आजपर्यंत पटलेला नाही. म्हणे रेडिओ लांबवर पोचतो, लोक भडकतील. भडकवायचं काम व्हॉट्सॲपनं कधीच हातात घेतलंय, बीडला नेट बंद करायची वेळ काय रेडिओमुळं आली होती का?

पॉडकास्ट आलेत हे मान्य. बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' मी गाडीवर ऐकतो, चांगलं असतं, मेहनत दिसते. पण ते नावाप्रमाणे दुनियेचं. बाकीचे बरेचसे पॉडकास्ट पुण्या-मुंबईतले दोन जण खुर्चीत बसून दोन तास बोलतात आणि मराठवाडा त्यात आला तर दुष्काळ म्हणून येतो नाहीतर जात म्हणून. आणि नेट लागतं ते लागतंच.

मला साधं पाहिजे. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झाला, रेडिओवर बातमी आली, छान. मग खरेदी केंद्रं सुरू झाली, ती पण बातमी आली. मग केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला आणि ट्रॅक्टरच्या लाईनी लागल्या, आणि आमच्या चुलत्यानं चार दिवस वाट बघून माल व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली दिला, कारण ट्रॅक्टरचं भाडं रोजचं चढत होतं. आता पोतं काही चंद्रावरून आणायचं नसतं. किती क्विंटल येणार हे आधी माहिती असतं, मग किती पोती लागणार हा पाचवीचा हिशोब आहे. तर रेडिओवर कुणीतरी त्या खात्याच्या साहेबाला बोलवावं, शेजारी एक शेतकरी बसवावा, आणि मधे असा पत्रकार पाहिजे जो लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चार वर्षं तरी फिरलाय. साहेब "लवकरच उपलब्ध होईल" म्हणाले की त्यानं विचारायचं, लवकर म्हणजे कोणत्या तारखेला? आणि त्या तारखेला परत फोन लावायचा, ऑन एअर. दहा मिनिटं पुरतात, जाहिराती धरून.