दोनास एक, आणि आषाढातली वरमाला

गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी त्याला एक पारदर्शक ठोकळा लावून ठेवते. आत तीन शेवंत्या आणि एक पिंपळपान आहे. ओतून तीन वर्षं झाली, पण अजूनही त्यावर अंगठा दाबून धरला की ठसा उमटतो. येणारा-जाणारा विचारतो, "काकू, हे असं चिकट का?" तर काय सांगू, २९ वर्षं बँकेत कॅश मोजली, एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि इपॉक्सी रेझिनच्या पहिल्याच ठोकळ्याला माप चुकले. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव कालवून साच्यात ओतायचे, की ते काचेसारखे घट्ट होतात.

बाटलीवर २:१ लिहिलं होतं. मी ऐटीत वजनकाटा काढला. २०० ग्रॅम रेझिन, १०० ग्रॅम हार्डनर. पण ते प्रमाण आकारमानाचं होतं, वजनाचं नव्हे. रेझिन जड असतं, एका मिलिलिटरला १.१ ग्रॅमच्या थोडं वर. हार्डनर एक ग्रॅमच्या आसपास, बहुधा किंचित कमीच. म्हणजे माझ्या २०० ग्रॅमला साधारण ८६ ग्रॅम हार्डनर पुरलं असतं. वरचे १४ ग्रॅम आजही त्या ठोकळ्यात तसेच बसून आहेत. तेव्हापासून नवी बाटली आणली की आधी लेबलावर शोधते: प्रमाण आकारमानाचं की वजनाचं? काही कंपन्या दोन्ही देतात, आणि दोन आकडे वेगळे असतात. ती छपाईतली चूक नसते.

आमच्या ओळखीत एक जण फायबरच्या मूर्तींचं काम करतात. ठोकळा बघून म्हणाले, "ताई, हार्डनर आणखी सोडायचं होतं, फटकन बसलं असतं." त्यांच्या धंद्यात ते बरोबर आहे. ते वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, आणि त्यातला तो थेंबभर द्रव म्हणजे विरजण. जरा जास्त पडलं तर लवकर लागतं, इतकंच. इपॉक्सीतलं हार्डनर विरजण नव्हे. ती फुगडी आहे. रेझिनच्या कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो. एका बाजूला माणसं जास्त झाली की उरलेली जोडीविना नुसतीच उभी राहतात, आणि तोच तो चिकटपणा. वडिलांच्या खणातल्या अराल्डाइटच्या (तेही इपॉक्सीच) दोन ट्यूबा सारख्या लांबीच्या रेघांनी का पिळायच्या, ते मला वयाच्या ५५ व्या वर्षी कळलं.

माप बरोबर असूनही ढवळण्यात घात होतो. तीन ते चार मिनिटं, सावकाश, आणि कपाचे काठ व बूड खरवडत. केकचं पीठ फेटतो तसं फेटलं की फेस झालाच म्हणून समजा. मी एका कपात ढवळून दुसऱ्या कोऱ्या कपात ओतते आणि तिथे पुन्हा मिनिटभर ढवळते. पहिल्या कपाच्या काठाला न मिसळलेलं रेझिन राहतं, आणि शेवटचा थेंब वाया जाऊ नये म्हणून तो कप खरवडून साच्यात टाकला की नेमक्या त्याच जागी ओला डाग राहतो. आपला कंजूषपणा इथे महागात पडतो.

आता वरमालेची गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. त्यातली फुलं रेझिनमध्ये बसवून फ्रेम करायची होती. हार माझ्याकडे आला तिसऱ्या दिवशी, प्लास्टिकच्या पिशवीत, घामेजलेला. प्लास्टिकची पिशवी म्हणजे फुलांचा कर्दनकाळ. ज्यांना हार जपायचा आहे त्यांनी मांडवातून निघाल्यावर तो वर्तमानपत्रात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये टाकावा आणि दुसऱ्याच दिवशी सुकवायला घ्यावा. निशिगंध तर गेलाच होता. तसाही तो गुदमरतोच. पाकळ्या मांसल, पाणी फार, सुकला की चहाच्या रंगाचा होतो. लालभडक गुलाब सुकून जवळजवळ काळा पडतो, म्हणून मी गुलाबी आणि पिवळे निवडून काढले. शेवंती कधी दगा देत नाही.

फुलं सुकवते ती सिलिका जेलमध्ये, बारीक रव्यासारख्या दाण्यांच्या. डब्यात तळाला थर, त्यावर फूल उभं, मग चमच्याने पाकळ्यांच्या मधे मधे दाणे भरत वर यायचं, नाहीतर वजनाने फूल चेपतं. झाकण घट्ट. गुलाबाला आठवडाभर, देठाकडचा भाग जाड असेल तर दहा दिवस. पाकळी कागदासारखी वाजली पाहिजे. नुसती कोरडी लागून चालत नाही. हिरव्या बुडाशी ओल राहिली तर रेझिनच्या आत ती पसरते आणि महिन्याभरात फुलाभोवती तपकिरी सावली दिसायला लागते. तेव्हा काही करता येत नाही. माझ्याकडचे केशरी दाणे पाणी प्यायले की हिरवट होतात, ते बघून कळतं कधी थांबायचं.

हारासोबत एक पुडी होती. मुंडावळ्या, थोड्या अक्षता, आणि आजीने कोकणातून आणलेली बकुळीची माळ. मुलगी म्हणाली, "काकू, हे सगळं आत बसवाल ना? आजीची बकुळ तर हवीच."

बसवलं. पण त्यातल्या प्रत्येकाने छळलं.

साचा २० सेंटिमीटर लांब-रुंद, भरायचा साडेतीन सेंटिमीटर. हिशोब सोपा: तिन्ही मापांचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार केला की मिलिलिटर मिळतात. १४०० झाले. ते एकदम ओतायचे नसतात. रेझिन घट्ट होताना तापतं, आणि जितकं जास्त एका ठिकाणी तितकं जास्त तापतं. एकदा पाऊण लिटर कालवून मी फोन घ्यायला गेले होते. परत आले तर कप वाकलेला, आतलं पिवळं पडून तडकलेलं आणि धूर निघत होता. तेच रेझिन पसरट ताटात ओतलं असतं तर निमूट राहिलं असतं. म्हणून पहिला थर अर्धा सेंटिमीटर, मग रोज एक सेंटिमीटर, असे तीन. आधीचा थर चिकट आहे पण बोटाला येत नाही, अशा वेळी पुढचा ओतला तर दोन्ही एकजीव होतात. पूर्ण कडक झाला असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मगच.

साच्याचा तळ ही दर्शनी बाजू, तिथेच काचेसारखी चकाकी येते. म्हणून फुलं पालथी मांडायची. आणि पालथा गुलाब म्हणजे उपडी वाटी. आत हवा अडकते आणि दोन तासांनी ऐन दर्शनी भागात मोत्याएवढा बुडबुडा. यावर उपाय एकच. फूल हातात उताणं धरायचं, ड्रॉपरने पाकळ्यांच्या आत रेझिन सोडायचं, भरेपर्यंत वाट बघायची, मग अलगद उलटं करायचं. एका गुलाबाला पाच मिनिटं गेली. असे नऊ गुलाब.

अक्षतांचं कुंकू रेझिनमध्ये सुटलं. नशीब, मी आधी बाटलीच्या झाकणात चार दाणे ठेवून चाचणी घेतली होती. दाण्याभोवती गुलाबी धूर पसरलेला दिसला. मग अक्षतांना पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात देऊन दोन दिवस वाळवल्या. फोटो, पत्रिकेचा तुकडा, कुठलाही कागद असाच दोन्ही बाजूंनी बंद करावा लागतो, नाहीतर तेलकट डाग पडतो.

मुंडावळ्यांच्या मोत्यांना भोक, भोकात हवा. मला हे सुचलंच नाही. दुसऱ्या थरात एकेका मोत्यातून बुडबुड्यांची रांग वर येत राहिली, अगदी सोडा वॉटरसारखी. टाचणीने फोडत रात्री १ वाजेपर्यंत बसले. यजमान म्हणाले, "बँकेत ऑडिटला तरी झोपायला मिळायचं." वरचे बुडबुडे गॅस टॉर्चची ज्योत भरभर फिरवून जातात, पण ज्योत एका जागी थांबली की रेझिन करपतं आणि साचाही खराब होतो. आतल्यांना फक्त टाचणी. (बुडबुड्यांवर अल्कोहोल फवारतात काही जण. फवारून लगेच टॉर्च लावणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.)

त्या धड्यानंतर बकुळीकडे नीट पाहिलं. तिलाही मधोमध आरपार भोक असतंच, म्हणून तर सुईशिवाय ओवता येते. अकरा फुलं दोऱ्यातून काढली, एकेक चिमट्याने रेझिनमध्ये बुडवून, हलवून, भोकातली हवा बाहेर काढली आणि मगच मांडली. एकही बुडबुडा नाही. मुळात सुकलेली, तपकिरी, रंग जायची भीती नाही. रेझिनसाठी याहून गुणी फूल मला अजून भेटलेलं नाही.

एवढं होईपर्यंत आषाढ लागला. आमच्या डोंबिवलीला आषाढात मीठसुद्धा पाझरतं, तिथे रेझिनची काय कथा. तिसऱ्या थरावर सकाळी मेणचट साय होती. हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरतात, त्याची ही साय. घाबरायचं नाही; कोमट पाणी, साबण, भांडी घासायची हिरवी घासणी. धुऊन, पुसून, वाळवून, घासून पुढचा थर. साय तशीच ठेवून ओतलं तर थर सुटतो. शेवटच्या थराला बेडरूम बंद करून एसी ड्राय मोडवर लावला आणि आम्ही दोघं हॉलमध्ये झोपलो. थंडीत उलटी तऱ्हा असते: डिसेंबरात बाटलीतलं रेझिन कधी कधी थिजल्या खोबरेल तेलासारखं पांढरं, रवाळ होतं. खराब झालेलं नसतं. गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवली की निवळतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेत नाही. पहिल्या वर्षी मी हातमोजे न घालता काम केलं आणि हात थिनरने पुसले. मनगटावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी सांगितलं, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जात नाही. थिनरने तर ते त्वचेत आणखी मुरतं. आता नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे, लागलंच तर साबण-पाणी, खिडकी उघडी, आणि घासताना मास्क, कारण ती धूळ वाईट. वास येत नाही म्हणजे निर्धोक, हे जाहिरातीतलं गणित मी धरत नाही. रेझिनला लागलेला कप, चमचा, पातेलं परत ओट्यावर येत नाही. आणि कोस्टर करून विकणाऱ्यांनो, त्यावर आपला उकळता चहा ठेवून बघितलाय का? साधं रेझिन तेवढ्या उष्णतेला मऊ पडतं. कप उचलला की कोस्टरही सोबत उठतं.

फ्रेम तयार झाली, आठवडाभर कडक होऊ दिली, कडा ४०० पासून २००० नंबरपर्यंत पाण्यात घासल्या. मुलगी न्यायला आली. आधी नाक लावलं. "बकुळीचा वास कुठे गेला?" वास कसा येणार, चहूबाजूंनी रेझिन. उरलेली माळ मी कापडात बांधून ठेवलीच होती, ती हातात दिली.

परवा तिचा फोन आला. सासूबाईंना फ्रेम हॉलमध्ये हवी आहे, पश्चिमेच्या खिडकीसमोर, छान ऊन येतं तिथे. म्हटलं, बाई, उन्हाने रेझिन पिवळं पडतं, तेवढी एक भिंत सोडून कुठेही लाव.