मन लागत नाही

डिसेंबरात ताईकडे सांगलीला गेले होते. भाची यंदा बारावीला. तिच्या टेबलावर फिजिक्सचं जर्नल उघडं पडलं होतं. उजव्या पानावर ‘मीटर ब्रिज’ असा मथळा, त्याखाली स्केचपेनने मारलेली दुहेरी रेघ, आणि पुढे काहीच नाही. डावं पान आकृतीचं. तिथे गॅल्व्हनोमीटरच्या, म्हणजे वीजप्रवाह दाखवणाऱ्या काट्याच्या उपकरणाच्या, गोलात तिने दोन डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्या होत्या. रोध मोजायच्या या प्रयोगात तारेवर जॉकी, म्हणजे धातूचं टोक, टेकवत टेकवत काटा शून्यावर येतो ती जागा शोधायची असते.

“माझा काटा आपोआपच शून्यावर आलाय,” ती म्हणाली. “मन लागत नाही गं मावशी.”

आतून ताईचा आवाज, “मन लावून बसलं की लागतं!”

या मायलेकींचं भांडण अभ्यासाचं नाहीच, क्रियापदाचं आहे, असं मला तेव्हा वाटलं. आपल्याकडे भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, उचकी लागते. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. उचकी लागलेल्या माणसाला कुणी ‘जरा मनावर घे’ म्हणत नाही. मन लागणं त्याच घराण्यातलं. ‘लावणं’ मात्र आपल्या हातातलं. कुकर लावतो, गजर लावतो, क्लास लावतो. ताईने तर भाचीला दहावीचा निकाल लागायच्या आतच क्लास लावला होता. दीड वर्ष झालं, रोज सकाळी सात ते दुपारी एक, शिवाय दर रविवारी टेस्ट. अकरावी तिने फक्त फॉर्मवर पाहिली. पोर्शन एकदा संपला, दुसऱ्यांदा संपला, आता तिसऱ्यांदा सुरू आहे. तिसऱ्या वेळेला वाढलेली खिचडी आहे ती, कितीही तूप घाला. कलम लावलं म्हणून ते लागतंच असं नाही, हे ताईला तिच्या गच्चीतल्या गुलाबावरून पक्कं माहीत आहे. पोरीच्या बाबतीत तेवढं विसरते.

भाचीकडे मुद्दाही होता, आणि तो मला खोडता आला नाही. तिला इंजिनिअरिंगला जायचंय. नंबर लागणार सीईटी या प्रवेश परीक्षेवर. तिथे गणिताला १००, फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून १००. बोर्डात खुल्या गटाला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात मिळून, ४५ टक्के पडले की पात्र. “मग हे जर्नल कुणासाठी?” तिने विचारलं. प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात आणि सरांची सही नसेल तर प्रॅक्टिकलला उभं करत नाहीत, एवढंच उत्तर होतं. म्हणजे सहीसाठी. रीडिंगही सगळा वर्ग एकाच मुलीच्या जर्नलमधून उतरवतो. मागच्या वेळी तिने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं, तर पस्तीस जणांच्या तारेचा रोध दहापट झाला. सरांनी सगळ्यांवर सही केली. मला वाटतं सरांचंही मन लागत नसावं.

माझी बारावी २००३ची. वर्ल्ड कपचं वर्ष. बाबांनी केबल जूनमध्येच काढून टाकली होती. तेव्हा बारावीच्या घरात ती काढायचीच पद्धत होती, जसं सुतकात गोड करत नाहीत. १ मार्चला सेंच्युरियनला पाकिस्तानशी मॅच, त्यात महाशिवरात्र. आईने साबुदाण्याची खिचडी टेबलावर आणून दिली आणि दार लोटून घेतलं. मी केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन खुर्ची भिंतीला लावून बसले, कारण पलीकडे शेजारच्या काकांचा टीव्ही होता. स्कोअर कळायचा नाही, पण काकांच्या ओरडण्यावरून चौकार की षटकार हे अचूक कळायचं. शोएबच्या पहिल्याच ओव्हरला भिंत हादरली. मग बराच वेळ हादरतच राहिली. आणि एका क्षणी पलीकडे एकदम चिडीचूप. सचिन ९८वर गेला होता. ते मला भिंतीने सांगितलं, आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. पुस्तकाचं पान तेच उघडं होतं, त्यावर साबुदाण्याचा एक दाणा चिकटून वाळला होता. मन लागलं नव्हतं असं कोण म्हणेल? इतकं लागलं होतं की कानाला भिंतीचा चुना लागला.

हे मी भाचीला सांगितलं. ती हसली, पण विचारलं तिने भलतंच, “आणि केमिस्ट्रीत किती पडले?”

मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग जर्नल जवळ ओढलं, खोडरबर शोधला, मिशा पुसायला घेतल्या. अर्धीच मिशी पुसून झाली होती, तेवढ्यात खोडरबर खाली ठेवला.

“मावशी, भूक लागलीय. भडंग आहे का बघ ना.”

“चला,” ताई आतून म्हणाली, “काहीतरी लागलं एकदाचं!”