तुम्ही विचारलंत म्हणून : मी ‘आह-काउंटर’ का होत नाही

आमच्या टोस्टमास्टर्स क्लबच्या, म्हणजे लोकांसमोर बोलण्याचा सराव करणाऱ्या मंडळाच्या, नव्या व्हीपी एज्युकेशनने (सभेतल्या भूमिकांची आखणी या पदाकडे असते) गेल्या महिन्यात मला हा प्रश्न बहुधा चौथ्यांदा विचारला, आणि तोही भूमिकांचा तक्ता भरत असताना, सगळ्यांच्या देखत. “ताई, तुम्ही टायमर होता, ग्रामेरियन होता, ऐन वेळी कोणी दांडी मारली तर टेबल टॉपिक्ससुद्धा निभावून नेता, मग आह-काउंटर म्हटलं की तुमचं ‘नको’ ठरलेलंच कसं?” टायमर वेळ मोजतो, ग्रामेरियन भाषेकडे लक्ष देतो, टेबल टॉपिक्समध्ये ऐन वेळी दिलेल्या विषयावर थोडक्यात बोलायचे असते, आणि आह-काउंटर प्रत्येकाच्या बोलण्यात उगाच येणारे ‘अं’, ‘म्हणजे’ मोजून शेवटी आकडे वाचून दाखवतो. मी नेहमीप्रमाणे हसून म्हटले की आह-काउंटर ही सर्वांत सोपी भूमिका आहे, ती नव्या सभासदांसाठी राहू द्यावी. याआधी काहींना मी असेही सांगितले आहे की माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. कानांचे निमित्त निदान निरुपद्रवी होते. नव्यांना संधी देण्याचे निमित्त उदार दिसते, म्हणून ते मला अधिक खोटे वाटते. एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पाचव्यांदा विचारणाऱ्याच्या हातात हेच देता येईल.

मी भूमिकांच्या विरोधात आहे असा अर्थ कोणी काढू नये. टोस्टमास्टर्सची पद्धत मला मनापासून पटते. भाषण देणारे तिघेच असले तरी आणखी सात-आठ जणांना काही ना काही काम असते आणि त्या कामासाठी उभे राहून बोलावेच लागते, ही त्यातली खरी युक्ती आहे. माणूस भाषणाला घाबरतो, अहवालाला तितका घाबरत नाही. हिशेब तपासणीच्या नोकरीत २४ वर्षे काढूनही दहा जणांपुढे आकडे वाचताना माझा घसा कोरडा पडत असे. पहिल्या चार सभा मी फक्त बोलणाऱ्याला वेळ दाखवणारी टायमरची हिरवे, पिवळे आणि लाल कार्डे धरून बसले, आणि ‘५ मिनिटे ४२ सेकंद’ एवढे न चाचरता म्हणता येऊ लागल्यावर आइसब्रेकर, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारे पहिले भाषण, दिले. त्या सहा मिनिटांत मी २७ वेळा ‘ॲक्च्युअली’ म्हणाले, असे त्या दिवशीच्या आह-काउंटरने वाचून दाखवले. मला राग आला, घरी मुलाने दुजोरा दिल्यावर आणखी आला, आणि तीन महिन्यांत तो शब्द माझ्या तोंडातून गेला. तेव्हा मोजणी निरुपयोगी आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

ही भूमिका सोपी आहे हे मात्र मला कधीच पटलेले नाही. मराठीत बोलणाऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. आमच्या सभेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतात. इंग्रजीतले ‘अम्’ आणि ‘यू नो’ ऐकताक्षणी वेगळे काढता येतात, पण ‘म्हणजे’चे काय करायचे? ‘पाऊस थांबला म्हणजे निघू’ यातले ‘म्हणजे’ काढले तर वाक्य कोसळते, आणि ‘मी म्हणजे काल म्हणजे तिथे गेले होते’ यातली दोन्ही काढली तरी काही बिघडत नाही. ‘तर’चे तेच, ‘ना’चेही तेच, आणि ‘काय म्हणतात ते’ हे तर माणूस खरोखरच शब्द शोधत असताना म्हणतो. रेघ मारण्यापूर्वी दर वेळी अर्थाकडे पाहावे लागते. शिवाय या भूमिकेच्या सूचनांमध्ये, उगाच येणाऱ्या शब्दांबरोबर आणि आवाजांबरोबरच, एखादा शब्द लागोपाठ दोनदा आला, ‘मी, मी’ असे झाले, तर तेही टिपावे असे दिलेले आहे. माझ्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना होता. तो मीच पट्टीने आखला होता, हे इथेच सांगून ठेवते.

सात वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी एका पंचविशीतल्या सभासदाचे आइसब्रेकर होते. हिंजवडीला नोकरी करणारा, तीन सभांना पाहुणा म्हणून येऊन मागच्या बाकावर बसलेला आणि चौथ्या सभेला वर्गणी भरून सभासद झालेला. सभा एका शाळेच्या वर्गात भरत असे. तो फळ्यासमोर उभा राहिला आणि मी पहिल्या बाकावर, मुलांनी कर्कटकाने कोरलेल्या नावांवर कागद पसरून बसले. सूत्रसंचालकाने नाव पुकारूनच त्याला बोलावले होते, ते पुन्हा सांगण्याची काही गरज नव्हती. तरी त्याने सुरुवात तिथूनच केली. ‘माझं’ आले. मग ‘माझं, माझं’. मग ‘म्हणजे’. मग काहीच नाही. ओठ मिटलेले, डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचा अंगठा पँटच्या शिवणीवर टकटक करत असलेला. नाव आलेच नाही. ते तिथेच सोडून तो पुढच्या वाक्याकडे वळला.

तोपर्यंत माझ्या दोन रकान्यांत एकेक रेघ पडलेली होती. चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा जुड्या मी बांधत गेले. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास मला कळले. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही; विषय निघाला की ‘त्याने कोणालाच कल्पना दिली नव्हती’ एवढेच म्हणते, आणि ते खरेही आहे. पण माझा एक चुलतभाऊ असाच अडखळत बोलायचा आणि फोनवर नाव सांगावे लागू नये म्हणून रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. अशा माणसाला पुष्कळदा स्वतःचे नावच सर्वांत जड जाते, कारण बाकी शब्दांना पर्याय शोधता येतो, नावाला नाही. आणि अवघड शब्दाच्या आधी एखादा सवयीचा शब्द पायरीसारखा ठेवून तो वर चढायला बघतो, हे मी घरात पाहिले होते. त्या मुलाचे ‘म्हणजे’ ही त्याची पायरी होती. तरीही माझे पेन थांबले नाही. थांबले असते तर लोकांच्या लक्षात येऊन तो उघडा पडला असता, असे मी स्वतःला बरीच वर्षे समजावत आले. खरी गोष्ट अशी की मोजणी छान चालली होती. रेघा सरळ येत होत्या, एकही निसटत नव्हती, आणि ते मला आवडत होते.

सभेच्या शेवटी जनरल इव्हॅल्युएटरने, म्हणजे सभेचे मूल्यमापन करणाऱ्याने, अहवाल मागितला. मी ओळीने नावे वाचत त्याच्यापाशी आले. ‘म्हणजे’ १२, पुनरुक्ती १४, ‘अं’ ५, एकूण ३१. आणि मग कागदावर नसलेले एक वाक्य मी तोंडी जोडले, “आमच्या वहीतला आजवरचा विक्रम!” लोक हसले. अहवालावर हसण्याची आमच्याकडे पद्धतच आहे; माझ्या २७ वरही हसले होते. तोही हसला, आणि सर्वांच्या आधी थांबला.

त्या रात्री मला झोप लागली नाही असे म्हणणार नाही, लागली. पण पुढच्या आठवड्यात ते वाक्य अधूनमधून ऐकू येऊ लागले, आणि पंधरा दिवसांनी मी तीच भूमिका मुद्दाम मागून घेतली. टेबल टॉपिक्समध्ये त्याला लहानपणीच्या एखाद्या दुकानाविषयी बोलायला सांगण्यात आले आणि तो गावच्या पिठाच्या गिरणीविषयी बोलला : पट्ट्याचा खडखडाट, भुवयांवर पीठ साचलेला गिरणीवाला, आणि त्या आवाजात कोणालाच कोणाचे बोलणे ऐकू येत नसल्यामुळे तिथे तो एकटाच न अडखळता तासन्‌तास बडबडत बसायचा. हे सांगताना तो अनेकदा अडखळला. माझे पेन बाकावर आडवे पडलेले होते आणि लाल कार्ड वर गेले तरी मी ऐकतच होते. अहवालाच्या वेळी मी नऊ नावे वाचली आणि त्याचे गाळून खाली बसू लागले. मागून कोणीतरी, अगदी चांगल्या हेतूने, ओरडले, “ह्याचं राहिलं!” मी कागदाकडे पाहिले, जणू तिथे काही लिहिलेलेच आहे, आणि म्हणाले, “शून्य.”

या वेळी कोणी हसले नाही. वर्गातल्या प्रत्येकाने त्याला दोन मिनिटे ऐकले होते.

तो पुन्हा आला नाही, आणि एप्रिलच्या सहामाही वर्गणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. मी त्याला व्हॉट्सॲपवर क्षमा मागणारा लांबलचक निरोप पाठवला, तीन परिच्छेदांचा, दोनदा तपासलेला. उत्तर चौथ्या दिवशी आले : ‘मॅडम, ३१ बरोबर होते. शून्य नव्हते.’ नोकरीत मी कोणाच्याही ताळेबंदातली खोटी नोंद खपवून घेतली नाही. स्वतःच्या हाताने केलेली ती एवढीच.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागले, आणि ते वाचन कशासाठी होते हेही कबूल करते : मला माझ्या बाजूने पुरावा हवा होता. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांचा २००२ सालचा एक निबंध सापडला. इंग्रजीतले ‘अह्’ आणि ‘अम्’ हा बोलण्यातला कचरा नसून थोडा वेळ लागणार असेल तर ‘अह्’ आणि जास्त लागणार असेल तर ‘अम्’ अशी ती ऐकणाऱ्याला दिलेली सूचना असते, असे त्यांचे म्हणणे आहे. मी तो उत्साहाने क्लबच्या ग्रुपवर टाकला आणि ही भूमिकाच रद्द करावी असा प्रस्ताव लिहायला घेतला. अर्ध्यावर लक्षात आले की माझे २७ ‘ॲक्च्युअली’ या सिद्धान्ताने सुटत नाहीत, आणि त्याच्या १४ पुनरुक्तींशी तर त्याचा संबंधच नाही. प्रस्ताव तसाच पडून आहे. राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्सची पहिली सभा २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना येथील वायएमसीएत भरवली, आणि अडखळत बोलणाऱ्यांविषयी जागृतीचा जो आंतरराष्ट्रीय दिवस १९९८ पासून पाळला जातो तोही २२ ऑक्टोबरच, हे त्याच वाचनात कळले. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, हे मला कळते. तरी वर्धापनदिनाचा केक कापताना तो मुलगा आठवतो.

त्या काळातली मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, नियम सर्वांना सारखाच हवा, एकाला वगळलेस की त्याला वेगळे काढलेस, आणि तुझ्या शून्याने नेमके तेच केले. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणते, आधी त्याला बाजूला घेऊन विचारायला हवे होते की तुझे मोजू का. ती विचारते, पहिल्याच भाषणाच्या दिवशी असा प्रश्न आला असता तर तो फळ्यापर्यंत तरी गेला असता का? विक्रमाच्या वाक्याचा बचाव मात्र तीही करत नाही. मग ती टायमरवर येते. घड्याळ कोणाचा पक्ष घेत नाही, म्हणून मी ती भूमिका खुशाल घेते, असे मी म्हणते खरी, परंतु त्या दिवशी सहा मिनिटांचे लाल कार्ड त्यालाही दाखवले गेले होते, आणि त्या सहांतली किती मिनिटे शब्दांत गेली आणि किती शब्दांच्या उंबऱ्याशी, हे कोणत्याही घड्याळात उमटले नव्हते. तेव्हा दोष भूमिकेचा आहे असे म्हणून मला सुटता येत नाही. रेघ सरळ आली की होणारा तो आनंद अजून माझ्या हातात आहे, आणि त्या हातावर माझा भरवसा नाही, एवढेच माझ्या ‘नको’चे कारण आहे. “मग तीच भूमिका नव्यांच्या गळ्यात का घालता?” असे व्हीपी एज्युकेशन विचारतील, त्यांनी अजून विचारलेले नाही.

परवाच्या शनिवारी एक नवी सभासद आह-काउंटर होती. सभा सुरू होण्यापूर्वी ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि विचारू लागली, “मॅडम, कोणी एकच शब्द दोनदा म्हणालं तर रेघ मारायची का?” मी म्हटले, “सूचनांमध्ये तसं दिलेलं आहे.” ती तेवढ्यावर समाधानाने जागेवर जाऊन रकाने आखू लागली, आणि मी टायमरची कार्डे उचलली.