पेरलेल्या रानातली वाट

मागच्या ऑक्टोबरात आई इंग्लंडला आली, तेव्हा लंडन दाखवून झाल्यावर एका रविवारी तिला वेंडोव्हरला नेलं. मेरिलबोनहून गाडीनं तासाच्या आत. स्टेशनाबाहेर पडलं की चिल्टर्नचे डोंगर लागतात. डोंगर म्हणायचं आपलं. कूम्ब हिल जेमतेम 260 मीटर. आई साताऱ्याकडची. तिनं त्याला सरळ माळच म्हटलं.

माळ मात्र देखणा होता. बीचची झाडं नुकत्याच चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखी. जमीन खडूची, त्यामुळे चिखलही पांढुरका, बुटांना कणकेसारखा चिकटणारा. वर तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. इंग्लंडातून त्या नामशेष झाल्या होत्या. 1990 पासून स्पेनमधली पिल्लं आणून इथं सोडली, हे मी आईला सांगितलं. "विमानानं आणली?" तिनं विचारलं आणि बराच वेळ मान वर करून चालत राहिली.

खांबांवरचे बाण तिला लगेच समजले. पिवळा म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडेवाट. निळ्या वाटेवर घोडा चालतो, माणूस चालतो आणि 1968 च्या कायद्यापासून सायकलही. झाडीत एक घोडेस्वार बाई समोरून आल्या, तसे आम्ही कडेला सरलो. त्या वाकून "मॉर्निंग" म्हणाल्या. आईनं घोड्याला नमस्कार केला की बाईंना, ते कळलं नाही.

खरी पंचाईत उतारानंतर झाली. समोर चार बोटं उगवलेला गहू, आणि पिवळा बाण थेट त्यातून पलीकडे बोट दाखवणारा. मधोमध मीटरभर रुंदीची तुडवलेली पट्टी. मी निघाले. आई जागेवरच.

"अगं, पेरलेल्या रानातनं कुठं चाललीस? बांधानं जाऊ."

मी समजावलं. वाट शेतापेक्षा जुनी असते, सरकारी नकाशावर तिची नोंद असते. शेतकऱ्यानं नांगरलीच तर पेरणीची मशागत सुरू केल्यापासून 14 दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पट्टी त्यानंच सोडली आहे. आईला हे पटणं अवघडच होतं. आमच्या घरी वाट म्हणजे चुलत्यांशी धरलेला अबोला आणि तहसील कचेरीतल्या तारखा. दोन बैलगाड्यांची पाणंद दोन्हीकडून नांगरत नांगरत एका माणसापुरती उरलेली तिनं पाहिली आहे. कुणी आपणहून पिकात वाट सोडतं, यात तिला काहीतरी डाव दिसत होता.

"मालकानं हटकलं तर?"

"नाही हटकत."

"तू जा. मी येते." आणि ती खरंच कडेकडेनं, काटेरी कुंपणाला धरून, अख्ख्या शेताला वळसा घालून आली. मी पलीकडे उभी राहून थर्मासमधला अर्धा चहा संपवला.

पुढे वाट एक डांबरी रस्ता ओलांडते. दोन्हीकडे झाडांची रांग, कॅमेरे, वाटेबाहेर पाऊल टाकू नका अशा पाट्या. ही चेकर्सची वाट, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्याची. सार्वजनिक पायवाट तिला सरळ आडवी छेदून जाते. सांगितल्यावर आई म्हणाली, "बरं," आणि मंडई ओलांडावी तशी पदर सावरत पलीकडे गेली.

त्यानंतरच्या गव्हापाशी मात्र ती पुन्हा थांबली.