कॉफीचं पाकीट चहाच्या फळीवर

नागपुरात कोणीही नवीन ब्रँड काढायला आला की त्याच्या डोक्यात दोनच चित्रं असतात, एक संत्रं नाहीतर वाघ. मी पॅकेजिंगचं डिझाइन करते, मसाले, पापड, लोणची, संत्रा बर्फी असली कामं जास्त, आणि इतकी वर्षं वाघ काढून काढून मला आता तो झोपेतही काढता येतो. त्यामुळे हा कॉफीवाला क्लायंट आला तेव्हा मी फोनवरच विचारलं, वाघ की संत्रं? तर हसून म्हणाला, "ताई, वाघच. पण हातात कप धरलेला."

पोरगा इतवारीतला. वडिलांचं रवा, मैदा, साबुदाण्याचं ठोक दुकान. हा बंगलोरला नोकरीला गेला, तिकडे कॉफीचं वेड लागलं, आणि नोकरी सोडून परत आला तो थेट वडिलांच्या गोडाऊनच्या मागच्या खोलीत छोटं रोस्टर बसवूनच मोकळा झाला. चिकमगळूरच्या एका इस्टेटमधून हिरवे दाणे मागवायचा आणि स्वतः भाजायचा. दाणे साधारण दोनशे डिग्रीच्या आसपास गेले की तडतडतात, त्याला ते लोक फर्स्ट क्रॅक म्हणतात, तो आवाज पुढे दुकानात ऐकू यायचा आणि काका, म्हणजे त्याचे वडील, गिऱ्हाइकासमोरच म्हणायचे, "भाजाचंच होतं तं फुटाणे भाजले असते, लोकं घेऊन तं गेले असते."

त्याने पाकिटावर टाकायचा मजकूर पाठवला होता. त्यात बाबा बुदन यांनी येमेनहून आणलेल्या सात बिया होत्या, समुद्रसपाटीपासूनची उंची होती, सावलीत वाढवलेली, हाताने वेचलेली, शंभर टक्के अरेबिका ही कॉफीची जात, आणि चवीत डार्क चॉकलेट, मध, लिंबाची साल. वाचायला छानच होतं. मग मी त्याला म्हटलं तू ज्यांना कॉम्पिटिशन समजतोस त्यांची पाकिटं घेऊन ये, तर तो पिशवीभर घेऊन आला आणि आम्ही ती माझ्या टेबलावर उलटी करून मांडली. सात बिया जवळपास सगळीकडे. उंची सगळीकडे. हाताने वेचलेली तर असणारच ना, आपल्या देशात कॉफी हातानेच वेचतात आणि बहुतेक सगळी झाडांच्या सावलीतच वाढते, म्हणजे हे लिहिणं म्हणजे आमचा भात पाण्यात शिजवलेला आहे असं लिहिण्यासारखं झालं. कॉफी कुठून येते म्हणाल तर देशातली सत्तर टक्के एकट्या कर्नाटकातून येते, त्यामुळे नकाशाही सगळ्यांचा तोच. रंगसुद्धा सारखेच, मॅट काळा पाऊच आणि त्यावर सोनेरी अक्षरं.

मग चिखलदऱ्याचा विषय निघाला, तो निघणारच होता. महाराष्ट्रात कॉफी होते ती तिथेच, आपल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या डोंगरावर, इंग्रजांच्या काळापासून. "विदर्भाची स्वतःची कॉफी" असं लिहिलं तर नागपूरचा माणूस पाकीट उचलणारच, यात मला काही शंका नव्हती. पण तिथून येणारा माल एवढासा, वर्षभर पुरेल एवढा मिळायची खात्री नाही, आणि दाणे चिकमगळूरचे नि नाव चिखलदऱ्याचं हे मी करणार नव्हते. त्यालाही ते पटलं. नाव गेलं, वाघही त्याच्यासोबत गेला, बरंच झालं.

आता मुद्द्याच्या दिवसाकडे येते. डिझाइनला हात लावायच्या आधी मला दुकानात उभं राहायचं असतं, ही माझी जुनी सवय आहे आणि क्लायंटला ती टाइमपास वाटते. धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळ एक ओळखीचं किराणा दुकान आहे, मोठं आहे, आतमध्ये फिरून सामान घेता येतं असं. मालकाला विचारून रविवारी सकाळी कॉफीच्या रॅकपाशी टेबल लावलं. क्लायंट साहेब तयारीनिशी आले होते, काचेचं कोन, कागदी फिल्टर, हंसाच्या मानेसारखी तोटी असलेली किटली, डिजिटल वजनकाटा, टायमर. मे महिना, बाहेर नऊ वाजताच चटके बसून राहिले होते आणि हा माणूस ग्रॅम ग्रॅम मोजून गरम पाणी गोल गोल ओततोय. एक आजोबा थांबले, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "शुगर चेक करून राहिले का?"

मी थोडी लांब, डाळींच्या रॅकपाशी उभी राहून लोक काय करतात ते वहीत लिहीत होते. पहिली गोष्ट म्हणजे पाकिटाची पुढची बाजू कोणी वाचत नाही. उचलतात, दाबतात, वास घेतात. ताजी भाजलेली कॉफी काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहते, म्हणून पाऊचला एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, आतला गॅस बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. दाबलं की त्यातून भस्सकन वास येतो आणि लोकांना ते भयंकर आवडतं, लहान पोरांना तर खेळणंच मिळालं. पण एक गृहस्थ पाकीट घेऊन सरळ काउंटरवर गेले की हे फुटलंय, भोक आहे याला, दुसरं द्या. दुसऱ्यालाही भोक. तिसऱ्यालाही. शेवटी ते म्हणाले पूर्ण लॉटच खराब आहे भाऊ, कंपनीला परत पाठवा.

मग मागची बाजू. मागे लोक तीनच गोष्टी शोधत होते, किंमत, तारीख आणि बनवायची कशी. किंमत आणि तारीख मिळायची, तिसरी मिळायची नाही. दोन बायका तर सात बियांची गोष्ट शेवटपर्यंत वाचून म्हणाल्या, "हे ठीक आहे, पण करायची कशी?" आणि इथून पुढे दिवसभर जवळपास तेच प्रश्न फिरून फिरून आले. मशीन लागते का? दुधात चालते का? फेटायची का? पाण्यात विरघळत नाही का, मग खाली राहिलेल्या चोथ्याचं काय करायचं?

हे प्रश्न यायचं कारण साधं आहे. आपल्या घरात कॉफी म्हणजे काचेच्या बाटलीतली इन्स्टंट, साखर घालून चमच्याने पांढरी होईपर्यंत फेटलेली, वरून गरम दूध. नाहीतर लग्नातली ती फेसाची, वर चॉकलेट पावडर भुरभुरवलेली, जिला आपण सगळे एक्स्प्रेसो म्हणतो. त्यात इन्स्टंटमधल्या बऱ्याच ब्रँडमध्ये चिकोरी असते, कायद्याने कॉफी निदान 51 टक्के पाहिजे आणि चिकोरी किती ते पाकिटावर छापावं लागतं, पण ते बारीक अक्षर कोण वाचतं. चिकोरी म्हणजे एक भाजलेलं मूळ, त्याने रंग गडद येतो आणि कॉफी दाट लागते. त्या चवीवर वाढलेल्या माणसाला क्लायंटने इवल्याशा कपात बिनदुधाची, बिनसाखरेची, चहापेक्षा पातळ दिसणारी अरेबिका दिली तर तो काय म्हणणार? "छान आहे" म्हणत होते बिचारे आणि कप अर्धा ठेवून पुढे जात होते.

एक कॉलेजची मुलगी आली, तिने वॉश्ड आहे की नॅचरल, म्हणजे दाणे धुऊन वाळवले की फळासकट, रोस्ट कधी केली, सगळं विचारलं. क्लायंटचा चेहरा असा फुलला की काय सांगू, खूप वेळ दोघं बोलत बसले, बाकीचे गिऱ्हाईक उभे. शेवटी ती म्हणाली मी तर ऑनलाइनच मागवते, माझा बंगलोरचा रोस्टर ठरलेला आहे, आणि निघून गेली. मी वहीत तिच्यापुढे दोन रेघा ओढल्या. कारण पाकिटावरचा सगळा मजकूर तिच्यासाठी लिहिलेला होता आणि तिला आमची गरजच नव्हती.

आणि मग दुपारच्या आधी एक काकू आल्या, हातात चहापत्तीचं मोठं पाकीट. वास घेतला, खूश झाल्या, म्हणाल्या घेते, पण सांगा चहाच्या गाळणीने गाळली तर चालेल ना? क्लायंट म्हणाला, "नाही काकू, त्यातून बारीक पावडर खाली जाते, त्याला पेपर फिल्टर लागतो, नाहीतर फ्रेंच प्रेस." काकूंनी पाकीट जिथून उचललं होतं तिथेच नीट ठेवलं. मी टेबलापाशी गेले आणि म्हटलं सामान आवर, आपण इतवारीला चाललो. तो म्हणाला पण संध्याकाळची गर्दी अजून बाकी आहे. मी म्हटलं गर्दी तीच येणार आहे आणि गाळणी प्रत्येकीच्या घरी तीच असणार आहे, जाळीची, स्टीलची, चाळीस पन्नास रुपयांची.

गोडाऊनमध्ये जाऊन आम्ही तेच केलं. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळलं, गॅस बंद, कॉफी घातली, झाकण, चार मिनिटं, चहाच्या गाळणीने गाळली, दूध घातलं. तळाशी चिखल. दळण जाड केलं तरी चिखल, कारण ग्राइंडर कितीही चांगला असला तरी जाड कणांसोबत थोडी पिठी पडतेच, आणि ती पिठीच आधी सगळा कडवटपणा सोडते नि घशालाही लागते. क्लायंट म्हणाला दोन लाखांचा ग्राइंडर घेतला तर पिठी कमी होईल. हे ऐकून काका पुढच्या दुकानातून उठून आत आले.

"काय होऊन राहिलं?"

सांगितलं. काकांनी चिमूटभर कॉफी तळहातावर घेतली, अंगठ्याने पसरवली, आणि म्हणाले, "चाळून काऊन नाही घेत?"

आम्ही दोघं गप्प. म्हणजे त्यांचा अख्खा धंदाच तो, जाडा रवा, बारीक रवा, पिठी, वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्या भिंतीला टांगलेल्या, आणि आम्ही त्यांच्याच खाली बसून दोन लाखांचा हिशोब करत होतो. त्यांनी वापरातली चाळणी मात्र दिली नाही, कॉफी कशाचाही वास पकडते हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही, पोऱ्याला पाठवून नवीन आणली. बारीक जाळीवर हलवली, खाली पिठी पडली, वर जो राहिला तो एकसारखा दाणेदार माल. परत गंज, परत चार मिनिटं, परत तीच गाळणी. कप रिकामा केला तर तळाला नावापुरता गाळ. आणि मुद्दाम गॅसवर ठेवून विसरल्यासारखं करून पाहिलं, तरी पहिल्यासारखी कडू झाली नाही.

दुधात मात्र ती अजूनही पातळच लागत होती. यावर क्लायंटशी जरा वाजलं, कारण मी म्हटलं रोबस्टा घाल, ती कॉफीची दुसरी, कडक जात. त्याच्या जमातीत रोबस्टा म्हणजे हलक्या जातीचा माल, शंभर टक्के अरेबिका लिहिता येत नाही मग. अरे पण देशात पिकते त्यातली बहुतांश रोबस्टाच आहे, दुधात तीच टिकते, फिल्टर कॉफीवालेही बऱ्याचदा ती घालतात. काका मध्येच म्हणाले, "आमी सदरच्या कॉफी हाऊसमधे जात होतो, तिथं कोणी इचारत नव्हतं दाना कोणत्या जातीचा हाय, गरम हाय का इचारत होते." ते इंडियन कॉफी हाऊस म्हणजे कॉफी बोर्डाने दुकानं बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनीच सोसायटी काढून चालवलेलं, तिथल्या कॉफीच्या चवीवर बोलायची हिंमत या पोराला झाली नाही. थोडी रोबस्टा आली, भाजणी किंचित गडद झाली, आणि त्या रात्री आम्ही काकांना न सांगता कप दिला तर त्यांनी तो पूर्ण प्यायला. स्तुती केली नाही, साखर कमी आहे म्हणाले.

डिझाइन मग सोपं होतं. पाऊचच्या दर्शनी बाजूवर स्टीलची गाळणी, बस. खाली मोठ्या अक्षरात "मशीन नको. चहाची गाळणी पुरे." बनवायची कृतीही पुढेच टाकली, मागे नाही, कपाला पोहे खायचे दोन चमचे, अर्धा कप उकळतं पाणी, झाकण, चार मिनिटं, मग गाळून गरम दूध. व्हॉल्व्हच्या बाजूला बाण काढून लिहिलं, "हे भोक मुद्दाम आहे, दाबून वास घ्या." सात बिया काढल्या. रंग पांढरा, कारण सगळ्यांचा काळा होता.

पण सगळ्यात जास्त डोकं लागलं ते फळीला. मी धरमपेठेच्या दुकानदाराला म्हटलं, हे कॉफीच्या रॅकवर ठेवू नका, चहापत्तीच्या फळीवर ठेवा. तो म्हणाला मॅडम, कॉफी चहात ठेवली तर कॉफीवाल्याला सापडणार कशी. मी म्हटलं कॉफीवाला नकोच आहे मला, तो येतो, पंधरा पाकिटं पाहतो आणि सोळावं घेतो. चहा घ्यायला प्रत्येक घरातून कोणीतरी येतंच. त्याला ते पटलं नाही, पण कॉफीच्या रॅकवर डोळ्यांच्या उंचीची जागा मोठ्या कंपन्यांनी पैसे भरून घेतलेली असते आणि चहात खालची एक जागा रिकामी होती, म्हणून हो म्हणाला. पाकिटं जायला लागल्यावर त्याने स्वतःच ती एक फळी वर सरकवली. फार मोठा आकडा नाहीये, कोणी लगेच फ्रँचायझी मागायला येऊ नका, पण त्याच घरातून दुसरं पाकीट जातं आणि या धंद्यात क्लायंटला तेच पाहिजे होतं.

राहिला चाळून काढलेला चुरा. क्लायंट फेकून देणार होता. इतवारीतल्या माणसासमोर माल फेकायची भाषा करायची नसते. काकांनी डबे भरून ठेवले आणि एका इडली-डोसावाल्याला देऊन टाकले, तो कपड्यातून गाळून डिकॉक्शन करतो, त्याला बारीकच लागते. आता तो दर आठवड्याला माल मागतो, चुरा कमी पडतो, आणि काका पोराच्या मागे लागलेत की जरा बारीक दळत जा.