आमची वाटचाल : घटातल्या रोपांपासून गुरुवारच्या डब्यांपर्यंत

२०२० च्या मे महिन्यात माझी नोकरी गेली. त्या नवरात्रात सासूबाईंनी नेहमीसारखा घट बसवला. दसऱ्याला घट हलवला तेव्हा काळ्या मातीत गव्हाची पिवळसर रोपं वीतभर वाढली होती. त्यातला तुरा माझ्या केसांत खोचताना आई म्हणाल्या, "नऊ दिवसांत एवढं येतं. बाल्कनीत मेथी लावून बघ की."

मेथीच का, तर आईंचं माहेर गिरगावातलं. मुंबईत वाळूत वाढवलेली बारीक मेथी चिमुकल्या जुड्यांनी मिळते, तिची लसूण घालून परतलेली भाजी हा त्यांचा जीव की प्राण. पुण्यात ती मिळत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. आमचं पहिलं पीक ते. रोप मोठं होऊ न देता कोवळं असतानाच कापून खायचं, ह्यालाच 'मायक्रोग्रीन्स' म्हणतात.

दुसरं मुळ्याचं. बी शेतीच्या दुकानातून आणलं, गुलाबी रंगाचं. सहाव्या दिवशी ट्रे गच्च भरला. फोटोही काढून झाले. मग ह्यांनी पाकीट उलटून वाचलं : बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं होतं. शेतात दीड महिन्याने मुळा उपटायचा असतो, आपण आठवड्यात पान खाणार. सगळं फेकलं. तेव्हापासून औषध न लावलेलंच बी घेतो, महाग पडलं तरी.

हा कोवळा पाला डब्यांत भरून विकायला लागलो, पण विक्री हलत नव्हती. सोसायटीत 'मायक्रोग्रीन्स' म्हटलं की लोक कौतुकाने बघायचे आणि पुढे जायचे. एका शनिवारी आईंनीच डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : 'बारीक मेथी, परतायला', 'मोहरीचा पाला, कोशिंबिरीत', 'कोवळा मुळा, थालीपिठासोबत'. बाराही डबे तासाभरात गेले. माझ्या मते आमचा धंदा त्या दिवशी सुरू झाला. मायक्रोग्रीन्समध्ये पूर्ण वाढलेल्या भाजीच्या चाळीसपट जीवनसत्त्वं असतात, असं सगळीकडे म्हणतात; तो दावा आम्ही डब्यावर छापत नाही. तो आकडा ज्या अमेरिकी अभ्यासातून पसरला, त्यात पंचवीस प्रकार तपासले होते. मेथी आणि सूर्यफूल त्यांत नव्हते. गिऱ्हाइकाला खरं तेवढंच सांगावं.

२०२१ चा जुलै आम्हाला जड गेला. कोवळ्या मुळांना पांढरी लव असते, नवख्याला ती बुरशीच वाटते. पाणी फवारलं की लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते, बुरशीचं जाळं तसंच राहतं. त्या दिवशी मी फवारलं आणि जाळं तसंच राहिलं. कुबट वासही येत होता. चौदा ट्रे गेले. बी दाट पेरलं होतं, पाणी वरून घालत होतो आणि पावसाळी हवेत खिडक्या बंद. आता पेरणी विरळ, पाणी खालच्या ट्रेतून, आणि पावसाळाभर टेबलफॅन चालू. वीजबिल वाढतं, पण ट्रे वाचतात.

एका कॅफेने तीन महिन्यांचं बिल बुडवलं, तेव्हापासून उधारी बंद. अन्नपरवान्याची नोंदणी मात्र वाटली होती तेवढी अवघड नव्हती; आमच्याएवढ्या छोट्या व्यवसायाला फी वर्षाला १०० रुपये होती.

आता आम्ही मागणी आधी घेतो आणि उलटं मोजतो. डबे गुरुवारी द्यायचे, म्हणजे मुळा आदल्या गुरुवारी पेरायचा, सूर्यफूल त्याच्या दोन-तीन दिवस आधी, रात्रभर भिजवून. कोथिंबीर सगळ्यांत हट्टी, तिला तीन आठवडे लागतात, म्हणून तिचा डबा महाग. कापणी गुरुवारी पहाटे पाचला. ओला पाला डब्यात गेला की दुसऱ्या दिवशी सडतो, म्हणून बुधवारपासून पाणी तोडतो.

या आठवड्यात बावन्न डबे आहेत. सूर्यफुलाच्या पानांना टरफलं चिकटून राहतात, ती हातानेच काढावी लागतात. आज बुधवार. रात्रीचे साडेनऊ झालेत, आई चष्मा लावून ट्रेसमोर बसल्या आहेत आणि मला हाक मारताहेत.