तुम्ही विचारलंत म्हणून: लोणावळ्यात काय झालं?

'द फॅमिली मॅन' या हेरांच्या मालिकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: लोणावळ्यात सुची (नायक श्रीकांतची बायको) आणि तिचा सहकारी अरविंद यांच्यात नेमकं काय झालं? आणि त्याला जोडूनच दुसरा: ती सुची एवढी डोक्यात का जाते हो?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत संपतं. पहिल्या दोन सीझनमध्ये ते दाखवलेलंच नाही. दोघं कामानिमित्त लोणावळ्याला जातात, हॉटेलातली रात्र येते, दृश्य तुटतं, आणि नंतर आपल्या हाती लागतो तो फक्त सुचीच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव. मधली जागा प्रेक्षकांनी आपापल्या वकुबाने भरली. इतकी, की चिक्की आणि भुशी डॅमसाठी ओळखलं जाणारं गाव देशभर भलत्याच कारणासाठी थट्टेचा विषय झालं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा आत शिरावं लागतं, कारण हा राग एकट्या सुचीच्या वाट्याला आलेला नाही.

हेरांच्या मालिकेत दोन धागे समांतर चालतात, कामगिरीचा आणि घरचा. कामगिरीला मुदत असते: बॉम्ब फुटणार, गॅस सुटणार, कुणीतरी मारलं जाणार. घरच्या धाग्याला तशी मुदत नसते. म्हणून घरचं दृश्य आलं की आपली गाडी कुणीतरी उगीच सिग्नलला थांबवल्यासारखं वाटतं. '२४' या अमेरिकन मालिकेत (एक भाग म्हणजे एक तास, एक सीझन म्हणजे एक दिवस) हे उघडंनागडं दिसतं. तिला सुरुवातीला १३ भागांचीच मंजुरी होती आणि साधारण तिथवर नायक जॅक बावरची बायको टेरी आणि मुलगी किम यांची सुटका होते. पुढे आणखी ११ तास भरायचे होते, तेव्हा टेरीला स्मृतिभ्रंश झाला. प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. दुसऱ्या सीझनमध्ये लॉस एंजेलिसवर अणुबॉम्बचं सावट, आणि किम जंगलात सापळ्यात पाय अडकवून प्यूमासमोर! 'होमलँड' या हेरांच्या मालिकेतल्या डेना ब्रॉडीचीही तीच गत. व्हाइस प्रेसिडेंटच्या मुलाबरोबर ती गाडीत असताना अपघात होतो, तो दडपला जातो, आणि तिच्या मनाला लागलेली ही टोचणी दिसू लागली की लोक वैतागायचे, कारण त्यांना हेर कॅरी आणि डेनाचा बाप ब्रॉडी यांच्याकडे परत जायचं असायचं. टेरी, किम, डेना, सुची. घर सांभाळणाऱ्या किंवा घरात अडकलेल्या बायका-मुली. चूक पटकथेच्या आखणीची आणि शिव्या पात्राला. त्यातल्या काही शिव्यांमागे साधा पुरुषी आकस असतो, हेही बोलायला हवं.

पण सुचीच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. श्रीकांत तिवारी आपल्या कामाचं खरं स्वरूप घरापासून लपवतो, वेळा चुकवतो, थापा मारतो, आणि आपण सगळं माफ करतो. का? तर त्याच्या प्रत्येक थापेमागचं कारण आपण आधी पाहिलेलं असतं. सुचीची एकच गोष्ट लपलेली, पण ती आपल्यापासूनही लपवली आहे. म्हणजे श्रीकांतपेक्षा आपल्याला थोडं जास्त माहीत, पण पुरेसं नाही. अर्धवट माहितीइतकं प्रेक्षकाला दुसरं काही छळत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच मालिकेत आहे. मूसा. पकडला गेलेला, गोड बोलणारा केरळी पोरगा, आणि सूत्रधार तोच निघतो. तो धक्का लोकांनी डोक्यावर घेतला. तिथे आपण श्रीकांतच्या बरोबरीने फसलो, आणि नायकाच्या जोडीने फसण्यात मजा असते.

धक्का प्रामाणिक आहे की नाही, हे तपासायची आमची पद्धत अशी. शेवट कळल्यावर मालिका पुन्हा लावायची आणि ते पात्र एकटं असतानाची दृश्यं तेवढी बघायची. समोर कुणी असताना माणूस नाटक करणारच. खोलीत कुणीच नसतानाही तो निष्पापपणे वागत असेल तर लेखकाने फसवलं. मग बघायचं, इतर पात्रांचे हुकूम शेवटाशी जुळतात का. '२४'मधली जॅकची सहकारी नीना मायर्स पहिल्या सीझनच्या शेवटी फितूर निघते आणि टेरीला मारते. ती फितूर असल्याचं लेखकांनी बरंच उशिरा ठरवलं, आणि त्याची शिवण उसवलेली दिसते: ती ज्यांच्यासाठी काम करत असते त्याच ड्रॅझेन मंडळींनी कामाला लावलेला गेन्स सीझनच्या पूर्वार्धात जॅकला नीनालाच गोळी घालायला लावतो. आपल्याच माणसाला? गेन्सला माहीत नव्हतं, असं म्हणून वेळ मारून नेता येते. चाहत्यांनी नेलीही, कारण टेरीचा मृत्यू मनाला इतका लागला होता की हिशेब मागायचं भान कुणाला नव्हतं. धक्क्यात भावनेचं वजन असेल तर तर्कातली भोकं खपतात. नुसतीच चलाखी असेल तर प्रत्येक भोक मोजलं जातं.

चेल्लम सरांचं गणित वेगळं. 'द फॅमिली मॅन'च्या दुसऱ्या सीझनमधला (जून २०२१) हा निवृत्त अधिकारी मोजक्याच दृश्यांत येतो, हवी ती माहिती देतो, फोनची विल्हेवाट लावतो आणि गायब. मीमला एवढंच लागतं: एक ठरावीक चेहरा, एक ठरावीक कृती आणि कथानक ठाऊक नसलेल्यालाही कळेल असा उपयोग. 'गुगलला काय विचारता, चेल्लम सरांना विचारा', झालं काम. सगळे भाग एकदम आले की असं होतं. तर्क लढवायला मधला आठवडाच मिळत नाही, म्हणून चर्चा दोनच गोष्टींवर येऊन थांबते, शेवटचं दृश्य आणि एखादं छोटं पात्र.

दर आठवड्याला एक भाग येणाऱ्या 'द अमेरिकन्स'मध्ये लोकांना मार्थासाठी हळहळायला भरपूर वेळ मिळाला. एफबीआयमधली ही सेक्रेटरी ज्या क्लार्कशी लग्न करते तो सोव्हिएत हेर फिलिप आहे, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. तिसऱ्या सीझनच्या शेवटाकडे तो तिच्यासमोर एकेक पिन काढत विग उतरवतो. आपल्याला नवीन काहीच कळत नाही, तरी श्वास अडकतो. 'बिच्चारी मार्था' हा चाहत्यांचा परवलीचा शब्द झाला तो यामुळे. तिलाही घरच होतं, तिचाही धागा संथच होता, पण तिच्यापासून काय लपलंय ते आपल्याला ठाऊक होतं.

म्हणून लोणावळ्याचा फारच छळवाद होत असेल तर दुसऱ्या सीझनमधलं समुपदेशकाकडचं दृश्य आणि अगदी शेवटी सुची रडत काहीतरी सांगायला लागते ते दृश्य, ही दोन लागोपाठ बघा, मधले बंदुकीचे भाग गाळून. फक्त सुचीकडे बघायचं. श्रीकांतचे विनोद पहिल्या वेळी हसवतात. असं पाहिलं की ते तिला कुठे लागतात तेही दिसतं.